अधिवेशन रात्रीपर्यंत चालतं, तोवर बाळ कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की मला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आठवतात. डिसेंबर 2022 ला नागपूरच्या अधिवेशनाला त्या जेमतेम अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या होत्या. सगळ्या चॅनलवर फोटो, सगळीकडे कौतुक, आणि मग घाईघाईत विधानभवनात हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, झाला. पण पुढच्याच अधिवेशनात मुंबईत त्या परत बाळाला घेऊन आल्या तर कक्षात धूळ, सोयी धड नाहीत, आणि हे त्यांना मीडियासमोर सांगावं लागलं. त्याआधी 2020 च्या बजेट अधिवेशनाला केजच्या आमदार नमिता मुंदडा आठव्या महिन्यात सभागृहात आल्या होत्या, तेव्हाही बातमी झाली ती कौतुकाचीच. मला खरंच वाटतं की हे कौतुक आता पुरे, सोय करा.

मी स्वतः एका छोट्या नगरपालिकेत एक टर्म सदस्य होते, मुलगी तेव्हा अंगावर पिणारी. सर्वसाधारण सभेची नोटीस अकराची असायची पण सुरू व्हायची सगळे पुढारी जमले की, म्हणजे एक-दीडला, तोवर माझी नणंद मुलीला घेऊन खाली जिन्यापाशी बसलेली. पाजायला जागा म्हणून मी रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये बसलेय, दाराला आतून कडी नव्हती म्हणून नणंद बाहेर उभी. टर्म संपल्यावर वॉर्डाचं आरक्षण बदललं आणि पुढच्या तिकिटाचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, पोरं लहान आहेत, झेपेल का तुला? माझ्याबरोबर तिकीट मागणाऱ्या एकाला त्याच महिन्यात मुलगा झाला होता, त्याला कोणी विचारलं नाही, उलट पेढे मागितले.

स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आपल्याकडे 2011 पासून 50 टक्के आरक्षण आहे, म्हणजे काम शिकलेल्या, ग्रामसभा चालवलेल्या, टँकरसाठी भांडलेल्या हजारो बायका राज्यात आहेत. आणि 2024 च्या विधानसभेत निवडून आल्या किती तर 288 पैकी 21, त्याआधी 24 होत्या, म्हणजे कमीच झाल्या! तिकीटं, पैसा, घराणी ही कारणं आहेतच, पण राजकारणात वर चढायचं वय आणि मुलं लहान असायचं वय एकच पडतं हे कोणी बोलत नाही. 2023 ला एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली. ते होईल तेव्हा होईल, पाळणाघराला तर घटनादुरुस्ती लागत नाही ना?

नोकरदार बाईला कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे. आमदार ही नोकरदार नाही, सभागृहाची परवानगी घेऊन ती गैरहजर राहू शकते, पण मग तिच्या मतदारसंघाची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, कोण लावणार, तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नावर उपप्रश्न कोण विचारणार? म्हणून तर बायका ओल्या बाळंतपणात प्रवास करून येतात.

मुंबई आणि नागपूर दोन्हीकडे, विधानभवनात आणि आमदार निवासात, कायमचं पाळणाघर पाहिजे, शिकलेल्या ताई नेमून, आणि ते फक्त आमदारांना नको, तिथे बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला पोलीस, सचिवालयातल्या कर्मचारी, बातमीदार मुली यांनाही खुलं हवं. दुसरं म्हणजे वेळ. रात्री उशिरापर्यंत कामकाज खेचायची जी सवय लागलीय त्याने पुरुष आमदारांच्याही घरी लहान मुलं झोपून जातातच की. कामकाज किती दिवस आणि कसं चालवायचं ते विधिमंडळ कामकाज सल्लागार समितीत ठरतं, तर येत्या अधिवेशनाच्या आधी या समितीने संध्याकाळची एक वेळ ठरवावी आणि ती पाळावी, आणि सर्व पक्षांच्या महिला आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून ही मागणी एकत्र लेखी द्यावी ही माझी कळकळीची विनंती.

आपली,
एक माजी नगरसेविका, नाशिक जिल्हा