साखळदंड नव्हते हो, उशी होती!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सालामिसच्या लढाईवरचा (ग्रीक आणि इराणी आरमारांची समुद्रातली लढाई) लेख वाचला, लेख मस्तच आहे पण बाजूचं चित्र बघून डोकंच फिरलं. अथेन्सच्या जहाजावर उघडीबंब माणसं, पायात साखळदंड, मागे चाबूकवाला मुकादम, खाली लिहिलंय "वल्ही मारणारे गुलाम". अहो हे हॉलिवूडच्या पिक्चरमधून आलंय, ग्रीसमधून नाही! भूमध्य समुद्रात बेड्या घातलेले वल्हेकरी सर्रास दिसायला लागले ते सोळाव्या शतकाच्या आसपास, म्हणजे सालामिसनंतर दोन हजार वर्षांनी.

इ.स.पू. 480 ला सालामिसच्या वेळी ट्रायरीमवर (तीन थरांत वल्ही असलेली ग्रीक युद्धनौका) अथेन्सचे जे लोक होते ते बरेचसे तिथलेच गरीब नागरिक, ज्यांना चिलखत परवडत नव्हतं असे. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदी सापडली ती वाटून घेण्याऐवजी जहाजं बांधा असं तिथला नेता थेमिस्टोक्लिसने लोकांच्या गळी उतरवलं, त्यातून हे आरमार उभं राहिलं. पुढे इ.स.पू. 415 ला सिसिलीवर स्वारी करायला निघाले तेव्हा तर खलाशाला रोजचा एक द्राख्मा पगार होता. गुलाम अजिबातच नसायचे असं मी म्हणत नाही, इ.स.पू. 406 ला अर्जिनुसाईच्या समुद्री लढाईच्या वेळी माणसं कमी पडली म्हणून गुलामही बसवले, पण त्याबद्दल त्यांना स्वातंत्र्य दिलं.

मी जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरी केली, पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, बोट लागली की वेळ काढून जवळच ठेवलेली ऑलिम्पियास बघून यायचो. जुन्या पुराव्यांवरून नव्याने बांधलेली ट्रायरीम, 1987 ला पाण्यात उतरवली. लांबी जेमतेम 37 मीटर आणि त्यात 170 वल्हेकरी, प्रत्येकाला एक वल्हं, तीन थरात! वरच्या थरात 62, मधल्यात 54, खालच्यात 54. खालच्याचं तोंड वरच्याच्या बुडाशी, त्यामुळे त्या काळच्या एका विनोदी नाटकात खालच्या थरातल्या माणसाच्या तोंडावर पादण्याचा जोक आहे, आता हा जोक कोणाला सुचेल, जो स्वतः तिथे बसलाय त्यालाच ना.

आणि हे नुसतं ताकदीचं काम नव्हतं. नाळेला ब्रॉन्झचा रॅम, म्हणजे शत्रूच्या जहाजाला धडक द्यायची चोच, असायचा, इस्रायलच्या अथलितजवळ 1980 ला एक सापडला तो 465 किलोचा आहे. तो भाल्यासारखा आत घुसवायचा नसतो, फळ्यांचे सांधे उचकटायचे आणि लगेच उलटं वल्हवून मागे सरकायचं, नाहीतर आपणच तिथे अडकणार आणि समोरचे सैनिक आपल्या जहाजावर उड्या मारणार. पावा वाजवणारा ठेका देतोय आणि 170 माणसं एका क्षणी उलटी वल्हवतायत, हे काल पकडून आणलेल्याला कसं जमणार, वर्षानुवर्षांची सवय लागते.

इ.स.पू. 427 ची गोष्ट तर लेखात यायलाच हवी होती. अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या मितिलीनी शहरातल्या सगळ्या पुरुषांना मारा असा हुकूम घेऊन अथेन्सहून एक जहाज गेलं, दुसऱ्या दिवशी तिथल्या नागरिकांच्या सभेचं मन बदललं, मग मागून दुसरं सोडलं. त्या लोकांनी वाईन आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ वल्हवता वल्हवताच खाल्लं, आळीपाळीने झोपले आणि हुकूम वाचून होतोय तेवढ्यात पोचले. चाबकाने हे होतं का सांगा.

शत्रूपक्षाकडचंही एक सांगतो. इ.स.पू. 429 ला पिरेयसवर अचानक छापा घालायचा म्हणून, तेव्हा अथेन्सशी लढत असलेल्या स्पार्टाच्या बाजूचे खलाशी करिंथहून चालत मेगाराच्या बंदराला निघाले, तिथे जहाजं तयार होती. प्रत्येकाच्या खांद्यावर स्वतःचं वल्हं, हातात ते बांधायचा पट्टा आणि बसायची उशी. घरून उशी घेऊन निघालेला माणूस!

तर पुढच्या वेळी चित्रकाराला एवढंच सांगा, साखळी खोडा आणि बुडाखाली उशी काढा.

आपला,
एक रिटायर्ड जहाजी, उरण