मँडरिन मासा घेताना पोट पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सिडकोतून निघून रोज चार-पाच ठिकाणचे फिश टँक साफ करायचे, हा माझा चौदा वर्षांचा धंदा. हल्ली नाशकात खाऱ्या पाण्याचे टँक वाढले आहेत आणि ते बसवणारे बरेच जण मँडरिन मासा मागतात. त्याबद्दल लिहितो आहे.

हा बोटाएवढा मासा दिसतो मात्र येवल्याच्या पैठणीसारखा. निळ्यावर नारिंगी वळणं, मध्येच हिरवी. मोरपिसाचा निळा हा उजेडाचा खेळ असतो; याच्या कातडीत निळा रंग खरोखरच असतो आणि असे मासे फार थोडे. अंगावर खवले नाहीत, नुसता कडू, उग्र वासाचा चिकटा. राहतो जपानच्या दक्षिणेकडल्या बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत, किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात, मोडक्या प्रवाळांच्या फटींत. तिथे दिवसभर दगडावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव एकेक करून टिपत असतो. सूर्य मावळताना नर-मादी पोटाला पोट लावून वर येतात, अंडी पाण्यात सोडतात आणि पुन्हा खाली पळतात.

नव्या टँकमध्ये ते बारीक जीव नसतातच. आणि कोरडं खाद्य हा मासा सहसा तोंडातही घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात महिन्याभरापूर्वी भरलेल्या टँकमध्ये असाच एक आणून सोडला होता. मी पाणी बदलायला गेलो तेव्हा तो काचेला खेटून दगड टोचत होता. टोचायचा, थांबायचा, पुन्हा टोचायचा. पोट खपाटीला गेलेलं, डोक्यामागे दोन्ही बाजूंना खळगे. रंग मात्र तसाच झगमगत होता, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाकावरची लहान मुलं त्याला बोटं दाखवून हसत होती. पुढच्या फेरीला तो नव्हता. ‘आजारी होता बहुतेक,’ असं मला सांगण्यात आलं. तो आजारी नव्हता, उपाशी होता.

दुकानदार बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे की टँक किती जुना आहे हे विचारल्याशिवाय हा मासा देऊ नका. घेणाऱ्यांनीही टँक निदान वर्षभर मुरू द्यावा आणि पैसे मोजण्याआधी ‘याला माझ्यासमोर खायला घाला’ असं म्हणावं. खात नसेल तर तो कितीही सुंदर असो, घरी नेऊ नये.

आपला,
एक फिश टँकवाला, सिडको, नाशिक