आवाहन कोणासाठी आणि वाचणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एका प्रकल्पाच्या 'सर्वसमावेशक' चमूत दिव्यांग नागरिकांनी सहभागी व्हावे, हे आवाहन कालच्या अंकात वाचले. हेतू उत्तम, त्याबद्दल आयोजकांचे अभिनंदन. पण चौकशीसाठी एकच दूरध्वनी क्रमांक, तोही 'सकाळी ११ ते १ या वेळेतच'. कर्णबधिर माणसाने त्यावर काय करावे? 'व्हॉट्सअ‍ॅप केले तरी चालेल' एवढे छापायला किती जागा लागली असती?

अर्जाची तर कमालच आहे. छापील कागद स्कॅन करून चढवलेली ती पीडीएफ. स्कॅन म्हणजे फोटो. पडद्यावरचा मजकूर अंधांना वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात अक्षरच सापडत नाही, तो 'ग्राफिक' म्हणतो आणि गप्प बसतो. जोडीला वर्डची फाइल आहे, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली. डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे असतात. कानावर तोच कचरा पडतो. युनिकोडमध्ये टंकन करायचे, मथळे नुसते ठळक न करता हेडिंग स्टाइलने द्यायचे, आणि मोबाइलवर टॉकबॅक (अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर) लावून, डोळे मिटून एक अर्ज स्वतः भरून पाहायचा. कुठे अडते ते दहा मिनिटांत कळते.

अर्जात अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू, सगळे मागितले आहे. 'बैठकीत भाग घ्यायला तुम्हाला काय लागेल?' हा एकच प्रश्न नाही. टक्केवारीवरून सोय कळत नाही. दृष्टी कमी असलेल्या एकाला १८ पॉइंटची छपाई पुरते, दुसऱ्याला फाइल आदल्या दिवशी हवी असते. आणि जागा किती? 'दिव्यांग प्रतिनिधी : १'. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. हा एकटा प्रतिनिधी बहुधा सगळे वाटून घेणार!

'दुभाषी हवा असल्यास दोन दिवस आधी कळवावे' असेही म्हटले आहे. सांकेतिक भाषेचे दुभाषी मोजके, त्यांची तारीख दोन-तीन आठवडे आधी घ्यावी लागते. तासाभराच्या वरच्या बैठकीला दोघे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोके दोन्ही थकतात आणि वाक्ये गळू लागतात. विषयपत्रिका त्यांना आधी द्यावी. खिडकीकडे पाठ करून उभे करू नये. मागून उजेड आला की हात काळे दिसतात.

आता त्या छायाचित्राबद्दल. 'रॅम्पची व्यवस्था आहे' या ओळीखाली दोन पायऱ्यांवर टेकवलेली फळी दिसते. पायरी सहा इंचांची धरली तरी चढ एक फुटाचा. १:१२च्या, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबीच्या, हिशेबाने उतार बारा फूट लांब हवा. फळी फार तर चार फुटांची, म्हणजे १:४. त्यावर चाकाची खुर्ची चढताना मागे उलटते, उतरताना माणूस पुढे फेकला जातो. 'चारजण उचलतील' हे उत्तर ठरलेले; बॅटरीची खुर्ची माणसासकट दीडशे किलोच्या घरात जाते, हे उचलणाऱ्यांना आधी सांगावे. सुगम्यतेचे किमान निकष शिफारस म्हणून नव्हे, बंधनकारक म्हणून ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये सरकारला बजावले. फळीपर्यंत ते पोचलेले नाही.

मदतनीसाचे प्रवासभाडे, सदस्यांचे मानधन यांबद्दल अवाक्षर नाही. वास्तुविशारद फुकट येतात का?

जाता जाता आपल्याबद्दल. ज्यांना हे आवाहन होते त्यांतल्या अनेकांना ते आपल्या ई-पेपरमध्ये वाचताच आले नसेल, कारण ई-पेपरचे पानही फोटोच असते. तेवढा मजकूर संकेतस्थळावर अक्षरांत टाकावा. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते आहे.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये)