युक्रेनच्या मदतीची चौकट अर्धीच छापलीत

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात युक्रेनला कुठल्या देशाने किती मदत दिली त्याची चौकट आलेली, अमेरिका सगळ्यात वर, बाकीचे खाली. आकडा खोटा नाही, जर्मनीतल्या कील इन्स्टिट्यूटच्या हिशोबात २०२२ पासून अमेरिकेचे ११ हजार कोटी युरोच्या वर जातात आणि एकट्या कुठल्या देशाने एवढं दिलेलं नाही. पण ती चौकट वाचून आमच्या इथे गाड्यावर लगेच निकाल लागला, की युरोपवाले फुकटे आणि सगळा खर्च अमेरिकेचा. (ट्रम्प तर ३५ हजार कोटी डॉलर दिले म्हणून सांगत होते, ते कुठल्या वहीत लिहिलेत देव जाणे.)

आता एस्टोनिया बघा. लोकसंख्या जेमतेम आपल्या गोव्याएवढी, तेरा-चौदा लाख. पैशात मोजलं तर यादीत कुठेतरी खाली, पण देशाच्या जीडीपीशी, म्हणजे वर्षाच्या एकूण उत्पन्नाशी, ताडून बघितलं तर एस्टोनिया आणि डेन्मार्क २ टक्क्यांच्या वर आणि अमेरिका अर्ध्या टक्क्याच्या आसपास! जत्रेच्या वर्गणीच्या फळ्यावर हॉटेलवाल्याचे पन्नास हजार वर असतात आणि पेन्शनवाल्या म्हातारीचे पाचशे खाली, पण कोणाला जड गेले ते गावाला माहीत असतं. एस्टोनियाने तर २०२३ च्या जानेवारीत आपल्याकडच्या गाडीला जोडून ओढायच्या सगळ्या १५५ मिमीच्या हॉवित्झर तोफा देऊन टाकायचं जाहीर केलं, आणि हा देश रशियाला अगदी खेटून आहे, म्हणजे उद्या काय झालं तर पहिला तोच सापडणार.

शिवाय पैसे म्हणजे सगळे सारखेच पैसे नव्हेत. युरोपियन युनियनचे २०२४ ते २०२७ चे ५ हजार कोटी युरो आहेत, त्यातले ३३०० कोटी कर्ज, मग ते अमेरिकेच्या अनुदानाच्या रांगेत कसे लावायचे? उलट अमेरिकेच्या लष्करी मदतीतला बराच पैसा त्यांच्याच कारखान्यांत जातो, जुना माल युक्रेनला आणि नवीन ऑर्डर घरच्या कंपनीला. आणि पोलंडने दहा लाखाच्या आसपास निर्वासित ठेवून घेतलेत, त्यांची घरं, शाळा, दवाखाना हा खर्च कुठल्या रकान्यात घातलात तुम्ही?

सुरवातीला जाहीर केलेलं आणि शेवटी पोचलेलं यातही फरक असतोच. जर्मनीने सुरवातीला ५००० हेल्मेटं देऊ केली तेव्हा जग हसलं, पण नंतर तोच देश अमेरिकेच्या पाठोपाठ दोन नंबरवर आला.

आमच्या गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन पर्यटक येतात, मेनूकार्डं रशियन भाषेत छापतात, त्यामुळे आमच्यात कोणाची बाजू घ्यायची यावर भांडणं भरपूर, तो वाद वेगळा. माझं मागणं एवढंच, पुढच्या वेळी जीडीपीच्या टक्क्यांचा एक रकाना वाढवा, आणि कर्ज किती, फुकट किती ते वेगळं छापा. जागा कमी पडली तर एखादं वाढदिवसाच्या शुभेच्छांचं बॅनर कमी करा.

आपला नेहमीचा वाचक,
डिचोली