आठ फोन झाले, आता लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मोठ्या फाइलवर तुमचं कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणारं) सॉफ्टवेअर अडकतं, त्याबद्दल

महोदय,

काल दुपारी तुमच्या माणसाने पुन्हा "रॅम वाढवा" सांगून फोन ठेवला, म्हणून हे लिहितोय. रॅम मी जूनमध्येच ८ ची १६ जीबी केली, तीही तुमच्याच सांगण्यावरून. तुमचा प्रोग्राम अजून ३२ बिटांचा आहे. विंडोजवर त्याच्या वाट्याला एरवी २ जीबीच येतात, मशीनमध्ये १६ घाला नाहीतर ६४. हे तुम्हाला माहीत नाही, असं होणार नाही. मग मला खर्चात का पाडलं?

खडेबाजारात माझं स्कॅनिंगचं दुकान आहे. बेळगाव मुंबई राज्यात होतं त्या काळातली, म्हणजे १९५६ च्या आधीची खरेदीखतं, मोडीतले कागद, खानापूर-निपाणीकडची माणसं फडक्यात बांधून आणतात. एका घराण्याचं बाड दाबूनही ४०० एमबी भरतं. त्याला पंचवीस मिनिटं लागतात. त्याहून मोठं असलं तर "मेमरी अपुरी" म्हणून प्रोग्राम बंदच पडतो.

माझ्या भाचीने मेमरीची प्रत्येक मागणी नोंदवून पाहिली. तुमचा आउटपुट बफर, म्हणजे दाबलेली फाइल तयार होताना ठेवायची मेमरीतली जागा, दर खेपेला फक्त ६४ केबीने वाढतो. ४०० एमबीसाठी ६,३९९ रिअ‍ॅलोकेशन, म्हणजे तितक्या वेळा जागा वाढवून मागायची! दर वेळी जागा बदलली तर आधीचं सगळं नव्या जागी उतरवायचं, आणि तोवर जुनी-नवी दोन्ही अडवून ठेवायची. उतरवण्याची बेरीज सुमारे १,२५० जीबी होते. तुमच्या जाहिरातीतलं बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, ४ एमबीच्या फाइलचं आहे. तिथे हीच बेरीज १२६ एमबी, कुणाला जाणवणारही नाही. फाइल शंभरपट झाली की उतरवणं दहा हजारपट होतं. बफर दर वेळी दुप्पट केला असता तर १३ खेपांत भागलं असतं. भाचीने तसं करून तीच फाइल दाबली. चार मिनिटं लागली.

हे आकडे मी काल फोनवर वाचत होतो. तुमच्या माणसाने मध्येच विचारलं, "व्यवसाय काय तुमचा?" सांगितला. "म्हणजे झेरॉक्सचं दुकान ना? मग रिअ‍ॅलोकेशनमध्ये कशाला पडता?" मी म्हटलं, आकडा चुकला असेल तर कुठला ते सांगा. बराच वेळ काही बोलला नाही. मग शेजारच्याला म्हणाला, "बेळगावचा तोच परत." ते मला स्वच्छ ऐकू आलं. आणि पुन्हा, "रॅम वाढवून बघा." फोन बंद.

त्या वेळी काउंटरसमोर खानापूरचे एक आजोबा बसले होते. आज त्यांची कोर्टात तारीख. रिकामं फडकं त्यांनी घडी घालून मांडीवर धरलं होतं. पडद्यावर ६१ टक्के, आणि तिथेच थांबलेलं.

सहा वर्षं दर वर्षी पैसे भरले, चार दुकानदारांना तुमचंच घ्या म्हणून सांगितलं. आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

बफर वाढवण्याची पद्धत बदला, ६४ बिटांची आवृत्ती द्या, ४०० एमबीच्या फाइलचं बेंचमार्क छापा आणि रॅमचे पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इथे बेळगावच्याच जिल्हा आयोगात अर्ज करीन. नोंदींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फोन करू नका.

तुमचा ग्राहक,
खडेबाजार, बेळगाव