डिझेल फिल्टरची गळती किरकोळ समजू नये

मा. संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की नाशिकहून त्र्यंबकेश्वर, हरिहर, पेठ या बाजूच्या कच्च्या वाटांवर फोर-बाय-फोर डिझेल जीप घेऊन जाणारे वाढतात, आणि फिल्टरच्या बुडाशी दिसणाऱ्या ओलसर डागाकडे त्यांतील अनेक जण काणाडोळा करतात, हे चिंताजनक आहे. ज्या गाड्यांत इंजिनावरचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, तेथे इंजिन चालू असताना गळती सहसा दिसतच नाही. उलट त्याच फटीतून हवा आत शिरते, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि चढावर दम सोडते. दोष मात्र बॅटरीच्या माथी मारला जातो.

गळती बहुधा जुन्या रबरी रिंगेतून, फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढायच्या नटातून किंवा पाइपच्या क्लिपपाशी असते. फिल्टर कोरडा पुसून थोड्या वेळाने पाहिल्यास जागा सापडते. जुनी रिंग फिल्टर बसतो त्या जागी चिकटून राहिलेली नाही ना, हे बोटाने चाचपून, नवी रिंग डिझेलने ओली करून, आट्यांचा फिल्टर हातानेच आवळावा व डिझेल भरण्याच्या छोट्या हातपंपाने आतली हवा काढावी. वरून एम-सील थापणे हा उपाय नव्हे. इंजेक्टरकडील उच्च दाबाच्या नळ्या चालू इंजिनावर कधीही चाचपू नयेत, कारण बारीक फवारा कातडीत घुसतो.

घाटवळणावर सांडलेल्या डिझेलवरून दुचाकी घसरतात, म्हणून गळती वाढल्यास गाडी पुढे न रेटता बाजूला घ्यावी, आणि गॅरेजवाल्यांनी काढलेले डिझेल डब्यात साठवावे, गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यात ओतू नये, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक