कालनिर्णयातले सोमवार

सिडको, नाशिक
9 फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "एका ओळीत सांग, तुझ्या चिमीचं इसब शेवटी कशामुळे निघालं?" मी "सवडीने लिहितो" म्हणून फोन ठेवला. राग मानू नकोस. ती एक ओळ शोधण्यातच आमचे दहा महिने गेले. तुझ्या ओंकारचे गाल आठव्या महिन्यातच लाल व्हायला लागलेत, म्हणून सगळंच लिहितो. वहिनींना आधी वाचायला दे.

चिमीचंही गालांपासूनच सुरू झालं. वर्षाची होईतो कोपरांच्या आत, गुडघ्यांमागे, मनगटांवर आलं. रात्री दोनच्या सुमाराला काडेपेटीवर काडी ओढल्यासारखा आवाज यायचा, खर्र, खर्र. हातांत मोजे घालायचो, ते ती दातांनी ओढून काढायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताच्या बारीक रेघा. आई उठायच्या आत मेधा अभ्रा बदलून टाकायची.

मग घरातल्या प्रत्येकाने आपापला आरोपी धरला. आईच्या मते मेधाने बाळंतपणात दही खाल्लं होतं. मेधाला कपड्यांच्या साबणाचा संशय. मला वाटायचं, मखमलाबादला काकांच्या द्राक्षबागेत फवारणी चालू असताना आपण पोरीला नेलं, तेच बाधलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बोअरचं पाणी. त्यावर मी पाणी मऊ करणाऱ्या मशीनचा दर काढून आलो, आकडा ऐकून गप्प बसलो. बरंच झालं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की इंग्लंडमध्ये 336 मुलांवर हेच करून पाहिलं होतं. 2011 साली निकाल आला, मशीनने इसबाला काही फरक पडला नव्हता.

मध्येच एका दुकानदाराने चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली. चार दिवसांत कातडी लोण्यासारखी. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. ट्यूब संपली आणि आठवड्यात दुपटीने उसळलं. त्यात जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कालवलेलं होतं, हे नंतर कळलं. असली ट्यूब ओंकारच्या गालाला लावू नकोस. कोणी कितीही गुण सांगो.

मग रक्ताची तपासणी. चाळीस-एक पदार्थांची यादी, त्यातल्या बारांपुढे खूण. आम्ही दोघं तो कागद घेऊन स्वयंपाकघरात उभे. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे हे चार मोठे बंद केले. उरलेल्या आठांचंही ऐकलं तर पोर खाणार काय, म्हणून ते सोडून दिले. हे आठ लक्षात ठेव. पाच महिने चिमी नाचणी, भात आणि मुगाच्या वरणावर काढत होती. वजन जागचं हलेना, आणि खाज होती तिथेच होती.

शेवटी गंगापूर रोडला लहान मुलांचं कातडीचं बघणाऱ्या बाई सापडल्या. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. आधी चिमीच्या बोटांच्या बेचक्या आणि तळपाय पाहिले, विचारलं, "घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते?" खरजेची शंका आधी काढून टाकायची होती. मग विचारलं, "दमा, शिंका कुणाला?" मेधाचा भाऊ दम्याचा. आणि मी तर तुला माहीतच आहे, हॉस्टेलवर तुम्ही रोज सकाळी माझ्या शिंका मोजायचात. विसाच्या खाली कधी आलो नाही. बाई म्हणाल्या, "मग मुळाशी इथूनच सुरुवात आहे, हे घराण्यातून येतं." इतके महिने बायकोच्या दह्यावर आणि साबणावर वाद झाले आणि बोट वळलं माझ्या नाकाकडे! मेधा काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

बाईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. आपली कातडी प्लास्टिकच्या पिंपासारखी असते, हिची माठासारखी. आतलं पाणी पाझरून उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. कातडीत फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा इसबाशी संबंध 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवला. इसब असलेल्या प्रत्येकात तोच बिघाड असतो असं नाही, पण पाझर सगळ्यांतच. म्हणजे आम्ही शोधत होतो तो आरोपी एकटा नव्हताच. घराचं दारच उघडं होतं, येणारे-जाणारे अनेक.

त्या कागदाबद्दल म्हणाल्या, खूण म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवलाय, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही, आणि इसबाच्या मुलांत अशा फुकटच्या खुणा भरपूर येतात. "दूध प्यायल्यावर दोन तासांत काय व्हायचं?" असं विचारलं तेव्हा मी आणि मेधा एकमेकांकडे बघत बसलो. काहीच व्हायचं नाही.

तेव्हा दुधाची परीक्षा त्यांच्या देखरेखीखाली, दवाखान्यातच झाली. आधी ओठाला थेंब, मग चमचा, मग वाटीत थोडं, मग अजून थोडं. प्रत्येक वेळी वीस-वीस मिनिटं थांबायचं. शेजारी इंजेक्शन तयार. माझी नजर घड्याळावर आणि चिमीची वाटीच्या तळाशी. शेवटची वाटी संपली आणि ती "अजूं" म्हणाली. पाच महिने त्या पोरीला आम्ही दूध दिलं नव्हतं रे. पुढच्या महिन्याभरात गहू, अंडं, शेंगदाणे असेच एकेक करत परत आले.

घरी बाईंनी एकच काम दिलं होतं, रोज सकाळी रात्रीच्या खाजेला शून्य ते तीन मार्क द्यायचे. वही कुठली टिकते! मेधाने कालनिर्णयाच्या चौकटीतच पेन्सिलने लिहायला सुरुवात केली. दिवाळीत बारा दिवस आम्ही रत्नागिरीला तिच्या माहेरी होतो, तिथे सगळे शून्य आणि एक. तिथली दमट हवा, असं आम्ही म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. डिसेंबरात इकडे निफाडचा पारा खाली गेला की चिमीचे मार्क वर जायचे. कोरडी थंडी, त्यात लोकरी स्वेटर आणि कढत पाणी. पण डिसेंबरचं पान उलटून जानेवारी काढताना मेधा एकदम थांबली. "हे बघ," म्हणाली. सोमवारच्या चारही चौकटींत तीन.

रविवारी सकाळी आई तिला न्हाऊ घालायची. अंगाला तेल, मग हरभऱ्याचं पीठ सायीत कालवून ते चोळायचं, मग कढत पाणी. माझ्या लहानपणीही हेच होतं, तुझ्याही असणार. चरे पडलेल्या, लस येणाऱ्या कातडीवर दर आठवड्याला पीठ घासलं जात होतं.

बाई म्हणाल्या, डब्यातलं पीठ घेऊन या. खाजेचं औषध आठवडाभर आधी बंद ठेवायला लावलं, त्या सात रात्रींचं विचारू नकोस. हातावर टोचून तपासलं. दुधाच्या जागी बारीक ठिपका. पिठाच्या जागी पंधरा मिनिटांत रुपयाएवढी गांध. आणि तेव्हा मला आठवलं, दिवाळीत बेसनाच्या लाडवाचा तुकडा खाल्ल्यावर तिचा ओठ सुजला होता. तूप बाधलं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. घरी येऊन तो कागद काढला. सोडून दिलेल्या आठांत हरभरा होता.

फाटलेल्या कातडीतून खाण्याचे पदार्थ शिरले की शरीर त्यांच्याशी वैर धरू शकतं, आणि वेळेवर पोटातून गेले तर ओळख धरतं, असं आता मानतात. चिमीचं हरभऱ्याशी वैर त्या पिठामुळेच जडलं, हे मात्र बाई ठामपणे म्हणाल्या नाहीत. शक्य आहे, एवढंच.

हे आईला कसं सांगायचं यावर आम्ही दोन दिवस काढले. तिला आधीच कळलं होतं. रविवारी पिठाचा डबा पुसून माळ्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मीच केलं म्हणायचं." मी म्हणालो, "आई, शिंका माझ्या आहेत." ती हसली नाही.

आणि पीठ बंद झाल्यावर इसब गेलं का? नाही. सोमवारचे तीन गेले, बाकीचे एक-दोन राहिलेच. खरा फरक पडला तो कंटाळवाण्या गोष्टींनी. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण जवळजवळ नाहीच. अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मलम. आठवड्याला पाव किलो लागतं, महिन्याच्या वाणसामानात त्याची वेगळी ओळ आहे. चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड, मोजून. मोठ्या माणसाच्या बोटाच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली एक रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मी स्टेरॉइड शब्दाला इतका घाबरायचो की निम्मंच लावायचो, आणि म्हणून दुप्पट दिवस लावावं लागायचं.

तुझ्यासाठी तीन गोष्टी, घाईत. मधासारखी पिवळी खपली धरली तर जंतू शिरलेत, दाखव. तापासोबत एकसारखे बारीक फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस. आणि आमच्यासारखं मनाने खाणं तोडू नकोस. 2015 मध्ये लंडनच्या एका अभ्यासाचा निकाल आला, त्यात जोराचं इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं घेतली होती. ज्यांना लहानपणीच शेंगदाणा चारला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी 81 टक्क्यांनी कमी निघाली. पण ओंकारचं इसब जोराचं असेल तर तेही आधी तपासून, डॉक्टरांना विचारून.

हरभऱ्याची तपासणी पुढच्या वर्षी परत करायची आहे. तोवर आमच्या घरात पिठलं नाही, भजी नाहीत, पुरणाची पोळी नाही. आई आता रविवारी कोमट पाण्याची बादली काढते, स्वतः कोपर बुडवून बघते आणि अर्धा तास मलम चोळत बसते. चिमी तिला बोटाचं पेर दाखवते, "एवढं".

तू उन्हाळ्यात येशील तेव्हा मिसळ खाऊ, पण बाहेर. फरसाणाचे हात घरी धुतल्याशिवाय पोरीला उचलायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. ओंकारचे फोटो पाठव, दिवसाच्या उजेडात काढलेले.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या